वरच्या आळीत थांबायचं म्हणून

ताई, तू गेलीस म्हणून मी वाद हरले असं समजू नकोस. माझे मुद्दे अजून शिल्लक आहेत. तुझेही असतील. पण समोरच्याला बोलता येत नसताना आपलंच म्हणणं रेटायचं, हे आपल्या घरात बसत नाही. बाबांनी निदान तेवढं तरी शिकवलं. तेव्हा इथे मी तुझ्या बाजूनेही बोलणार आहे. तुझ्याइतकं ठसक्यात जमणार नाही, चालवून घे.

सकाळी जाग येते तेव्हा अजूनही तू गाडीखाली असतेस. दाराबाहेर चिंचेखाली आपली ती छोटी पांढरी गाडी, खाली अंथरलेलं गोणपाट, आणि पुढच्या चाकाजवळून बाहेर आलेले तुझे दोन पाय. ड्युटीचे पांढरे बूट न काढताच तू आत शिरलेली. खाडीवरून खारा वारा येतोय, चिंचेचा पाला तुझ्या बुटांवर पडतोय. आतून तुझा आवाज येतो, "पाना दे गं." मी पाना शोधायला लागते. खिडकीत बघते, आईच्या डब्यांमागे बघते, बाबांच्या पत्रकांच्या गठ्ठ्याखाली बघते. शोधता शोधता पुरती जागी होते, आणि मग कळतं की कुणी काही मागितलेलं नाही. पण तेवढा वेळ तू असतेस. हल्ली मी मुद्दाम सावकाश शोधते.

त्या पत्रकांवरच तर आपण दोघी वाचायला शिकलो. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि छपाईत बिघडलेली पत्रकं घरी आणायचे. वह्यांना कव्हरं त्यांची, फडताळात अंथरलेला कागद त्यांचा, पावसात दाराच्या फटीत कोंबलेला बोळाही त्यांचाच. माझ्या मुळाक्षरांत 'अ' अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. तू त्याच कागदांत वाढलीस, पण तू नर्स झालीस आणि मी पत्रकं लिहायला लागले. "तू रोगाचं नाव ओरडत बस," तू म्हणायचीस, "मी तोवर मलमपट्टी करते." आपल्या वस्तीत, खारीत, पाण्याचा टँकर चार दिवस आला नाही, तेव्हा मी लिहिलेलं पत्रक तू वाचलंस आणि म्हणालीस, "यात हवा आहे. पाय ठेवला की खाली जातो." तेव्हा तुझ्या डोक्यात ब्रेकच होते. गेलं वर्षभर तुझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

गाडी तुझ्या हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरांच्या मुलाची. त्याने तिचं मूळचं इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवलं होतं. रुंद टायर घातले होते, मागे जाड नळकांडं लावलं होतं, काचा काळ्या केल्या होत्या. एवढं करून तो परदेशी निघून गेला आणि गाडी डॉक्टरांच्या दारात गंजत पडली. ती तू आणलीस. मेकॅनिक पास्कलने पहिल्यांदा चाकं उघडली तेव्हा कळलं, की चारही ब्रेक कंपनीतून आले तसेच होते, मूळच्या छोट्या इंजिनापुरते. पळायची सगळी सोय त्या मुलाने केली होती. थांबायचं त्याला सुचलं नव्हतं.

मी म्हणाले, "भांडवलशाहीचं याहून चांगलं चित्र मला काढता येणार नाही."

तू म्हणालीस, "चित्र राहू दे. काचेवरची फिल्म खरवडायला ये."

मी आले. दोघींनी ब्लेडने काळी फिल्म खरवडली आणि आत उजेड शिरला. मागच्या सीटवर त्या मुलाचा एक टेनिसचा चेंडू सापडला, आईने तो पाटा घसरू नये म्हणून पाट्याखाली लावला. 'सिस्टरची गाडी' असं खारीत तिचं नाव पडलं. कुणाची बाई अडली, कुणाचं पोर भाजलं, की लोक आधी चिंचेखाली बघायचे, गाडी आहे का. याबद्दल मी तुला कधी चांगलं म्हटलं नाही. आता म्हणते. तू गाडी घेतलीस तेव्हा मी तिला चैन म्हणाले होते. माझा शब्द चुकीचा होता असं मी अजून म्हणत नाही, पण तुझ्या हातात तो शब्द बसत नव्हता, एवढं खरं.

गाडी तू कशासाठी घेतलीस ते मात्र आम्हाला त्या सुकटीच्या रविवारी कळलं.

आई सुकट निवडत होती. तू तिच्या गुडघ्याला तेल चोळत होतीस. गोष्ट कशावरून निघाली ते आठवत नाही, बहुतेक मानेवरून. आई म्हणाली, तिची मान लहानपणापासूनच वाकडी.

"आमच्या गावात रानातली वाट वरच्या आळीतनं. दुसरी वाट नाय. मोळी घेऊन यायचो तवा मोठी मानसं एकच सांगायची, आळीत थांबायचं नाय. मोळी कलली तर कलू दे, मान मोडली तर मोडू दे. टेकवायची ती आळी सपल्यावर, वडाखाली."

"आणि थांबलं तर?" मी विचारलं.

"कोन थांबलंय?" आई हसली. "थांबून बगायला कुनाला सवड व्हती!"

आई असल्या गोष्टी हसतच सांगते. त्यामुळे त्या जास्त लागतात. तुझा हात तिच्या गुडघ्यावर तसाच राहिला. "म्हणजे तू त्या आळीत कधी उभीच राहिली नाहीस? लहानपण तिथे गेलं, आणि..."

"चालले की, बाय. किती येळा चालले."

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलीस ती दारातच म्हणालीस, "आईला गाडीतून तिच्या माहेरी न्यायचं. वरच्या आळीत मधोमध गाडी थांबवायची. बस्स."

तिथून आपला वाद सुरू झाला तो तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पुरला. आई चुलीशी असो, दारात असो, आपण तिच्या डोक्यावरून भांडत होतो.

मी म्हणायचे, "गाडीला कुणीही वाट देतं. ती वाट गाडीला मिळते, आईला नाही. पायी जाऊन थांबली तर ते खरं."

"तिचे गुडघे बघितलेस?"

"मग गावातल्या आपल्या लोकांनी मिळून जावं. एकट्या कुटुंबाने गाडी घेऊन जाणं म्हणजे नुसती मिजास."

"मिळू देत की. पत्रक काढ तू, पत्रकबाई. ते सगळे मिळेपर्यंत आईचे गुडघे वाट बघणार नाहीत."

"आळीवाल्यांच्याच फूटपट्टीने तू आईला मोजतेयस, ताई."

"मी कुणाला मोजत नाहीये. मला फक्त ती तिथे थांबलेली बघायचीय."

या शेवटच्या वाक्यावर मी आवाज वाढवायचे. आवाज वाढला की तू गाडीखाली जायचीस.

आईच्या गावच्या वाटेवरचा घाट उतरायची रंगीत तालीम म्हणून तू आम्हाला घोडबंदरच्या उतारावर नेलंस. आई मागे, मी पुढे. पहिल्या वळणापर्यंत सगळं छान होतं, झाडी होती, खाली खाडीचं पाणी चमकत होतं. मग तुझा पाय दोनदा, तीनदा दाबला गेलेला मी पाहिला आणि गाडीत जळका वास भरला.

आई मागून म्हणाली, "बाय, काय करपलं?"

"ब्रेक."

"करपलं तर खाली उतरव की!"

तू हसलीस. अशा वेळी तू हसू शकायचीस, हे मला कधीच जमलेलं नाही. हसता हसता तू गिअर एकेक करून खाली आणलेस. इंजिन कळवळून ओरडलं. तू गाडी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात हळूच रुतवलीस. धूळ बसली. चाकांतून धूर निघत होता. तुझे हात स्थिर होते, पण कान लालबुंद झाले होते. तू म्हणालीस, "लायनर तापले की धरत नाहीत. कशेडीच्या घाटात हे चालायचं नाही."

"म्हणजे जायचं रद्द?" माझ्या आवाजात थोडी आशा होती, ती तू ओळखलीस.

"म्हणजे ब्रेक बदलायचे."

पास्कल उत्तनचा. केबिन रोडच्या मागच्या गल्लीत त्याची पत्र्याची शेड. कामापेक्षा त्याची कुरकुर जास्त, आणि कुठलंही नवीन काम सांगितलं की आधी नकार. तो म्हणाला, "येवऱ्याशा गारीला डिस्क? काय सिस्टर, लगीन हाय का गारीचा? नवीन लायनर टाकून देतो, झाला."

"लायनरवर घाट उतरशील? माझ्या आईला घेऊन?"

"तुमच्या आयला मी डोक्यावर घेऊन उतरन. पन डिस्क नको सांगू. पुढचा अख्खा हब काढायला लागल. मास्टर सिलिंडर पन दुसरा. न्हाय व्हायचा."

"होईल."

"न्हाय."

"पास्कल, तुझ्या मुलीच्या वेळी तूही असंच म्हणाला होतास. सिस्टर, न्हाय व्हायचा. झाली ना मुलगी?"

त्याने कान खाजवला. "ती डॉक्टरनी केली," तो म्हणाला, पण पाना उचलला.

कुर्ल्याच्या भंगारात तुला नंतरच्या मॉडेलची, मागून ठोकलेली एक गाडी मिळाली. मागचा भाग चेपलेला, पुढचा शाबूत. तिचे पुढचे डिस्क, कॅलिपर, हब, आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टरचा तो काळा डबा, सगळं तू आणलंस. पास्कल एकेक वस्तू उलटसुलट करून बघत होता आणि तोंडाने 'न्हाय, न्हाय' म्हणत बसवत होता. मागचे ड्रम तसेच ठेवले, फक्त आतलं सगळं नवीन. शेडच्या पत्र्यावर दुपार तापायची आणि तू ड्युटी संपवून तिथे जायचीस. मी यायचे ती वाद घालायला. ते दिवस मला आता एकाच लांब दुपारसारखे दिसतात. ती संपतच नाही. पत्र्याच्या भोकातून उन्हाचे कवडसे पडलेत, त्यांत धूळ तरंगतेय, आणि तू नव्या डिस्कला रॉकेलने पुसतेयस, जशी पोरांना न्हाऊ घालायचीस तशी.

शेवटचं काम हवा काढायचं. तुला ते कुणी समजवावं लागलं नाही. "सलाईनसारखंच आहे," तू मला म्हणालीस. "नळीत हवा राहिली की पेशंट गेला. इथे तेलात हवा राहिली की आपण गेलो." तू हॉस्पिटलमधून सलाईनची कोरी नळी आणली होतीस. तिचं एक टोक कॅलिपरच्या निपलवर, हवा सोडायच्या तोंडावर, बसवलंस, दुसरं बाटलीत सोडलंस. नळी पारदर्शक, त्यामुळे तेलातला एकेक बुडबुडा दिसत होता.

"गारीला सलाईन लावला सिस्टरनी!" पास्कलने गल्लीभर ओरडून सांगितलं. शेजारचा पंक्चरवाला येऊन बघून गेला. "बचेगी क्या?" त्याने विचारलं.

तू खाली, चाकाशी. मी वर, पॅडलवर. तू 'दाब' म्हटलंस की मी दाबायचं, 'धर' म्हटलंस की दाबून धरायचं, तेवढ्यात तू निपल सैल करणार, तेल आणि हवा बाहेर येणार, तू निपल पुन्हा आवळणार, आणि 'सोड' म्हणालीस की मगच मी पाय उचलायचा. आधी उचलला तर पॅडल उलट हवा ओढून घेतं आणि सगळी मेहनत फुकट. इतकं सोपं काम. पण ते करणाऱ्या आपण दोघी होतो.

"दाब. दाब. दाब. धर."

"धरलंय. पण मला एक सांग, आळीत गाडी थांबवलीस, पुढे काय? फोटो काढणार?"

"धर नीट."

"धरलंय म्हटलं ना. तिथे कुणी काही बोललं, तर तू काय उत्तर देणार? नुसतं थांबून काय होतं, ताई? त्यामागे विचार नको?"

"अगं, सोड!"

मी सोडलं.

खालून घुर्र असा आवाज आला. मग शांतता. पंक्चरवाल्याचा हवेचा पंपसुद्धा त्याच क्षणी थांबला. गाडीखालून तुझा आवाज आला, अगदी हळू. "पाय उचललास?"

"तूच म्हणालीस, सोड."

"विषय सोड म्हटलं, गाढवे! पॅडल नाही!"

पास्कल स्टुलावरून घसरला. "दोगी बहिनींच्यामधी हवा शिरली," तो हसत हसत म्हणाला, "ती काय सलाईननी न्हाय निघायची!" तू गाडीखालून बाहेर आलीस. नाकाला तेल, कपाळाला माती. मला वाटलं आता पाना फेकून मारतेस. तू मातीत मांडी घालून बसलीस आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. मग नियम केलास. पॅडल सोडायचं तर 'ढील', पतंगासारखं. 'सोड' हा शब्द फक्त वादासाठी. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दाब, दाब, धर, ढील. बुडबुडे कमी होत गेले. शेवटी नळीतून नुसतं मधासारखं तेल आलं, आणि माझ्या पायाखालचं पॅडल घट्ट झालं. त्या दिवशी आपण चारही चाकं पुरी केली. मी एकदाही मधे बोलले नाही. तू मला एवढा वेळ गप्प बसलेलं आयुष्यात एकदाच पाहिलंस.

मग गाडी चालवायला तू मला शिकवलंस. मी नको म्हणत होते. तू म्हणालीस, "ऐन वेळी मला ड्युटी लागली, तर आईला कोण नेणार? तुझी पत्रकवाली समिती?" पूनम सागरकडे तेव्हा इमारती उठत होत्या आणि रुंद मोकळे रस्ते होते, तिथे मी क्लच शिकले. ब्रेक शिकवायला तू मला मिठागरांत नेलंस.

ती सकाळ मला नीट सांगता येणार नाही. धुकं होतं आणि त्याला मिठाचा वास होता. दोन्ही बाजूंना वाफ्यांत पाणी भरलेलं, त्यात आकाश उतरलेलं. मिठाचे ढीग पांढरे, त्यांच्या खाली पाण्यातही पांढरे ढीग. वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळेना. तू म्हणालीस, "जोरात जा." मी गेले. "अजून." मोठं इंजिन गुरगुरलं, काचेवर धुकं फुटायला लागलं, एक बगळा आपल्याबरोबर उडत होता की आपण त्याच्याबरोबर, सांगता येईना. "आता थांब."

मी पाय ठेवला. गाडी नाक वाकवून, सरळ रेषेत, जागच्या जागी उभी राहिली. बगळा पुढे निघून गेला. खाली बघितलं तर पाण्यात ढग होते आणि आपण त्यांच्यावर होतो.

"कुठे आहोत आपण?" मी विचारलं.

"तू थांबवलंस तिथे," तू म्हणालीस.

त्या क्षणी तुझी बाजू मला समजली होती, आणि ती समजली हे मी तुला सांगितलं नाही. वाद चालू ठेवायला मला काहीतरी हवं होतं. तुझ्याशी वाद घालणं म्हणजे माझ्यासाठी घरी असणं होतं, ताई.

पुढचं तुला माहीत आहे, आणि मला ते लिहायचं नाही. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि डोक्यात गेला. ज्या वॉर्डात तू लोकांना बरं केलंस त्याच वॉर्डात तुला ठेवलं. तुझ्या मैत्रिणी टोपी सारखी करायच्या निमित्ताने कोपऱ्यात जाऊन रडत होत्या. तापातसुद्धा तुझी नजर सलाईनच्या नळीवर होती. एक बुडबुडा दिसला तेव्हा तू बोटाने टिचकी मारून तो वर पाठवलास. त्या दिवशी मी तुझा हात धरून बसले होते आणि बोलत होते. काय बोलत होते? तेच. म्हटलं, बरी हो, मग बघू तुझी आळी, मला अजून पटलेलं नाही. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "सोड."

हा शब्द आपण फक्त वादासाठी ठेवला होता. पण तापातल्या माणसाला नियम आठवतो का? विषय सोड म्हणालीस की हात, मला कळलं नाही. मी दोन्ही धरून ठेवलं.

तुझ्या जलदान विधीला सगळी खारी आली होती. पास्कल आला, पँटच्या खिशात जपमाळ घेऊन. बुद्धवंदना चालू होती तेव्हा तो मागे उभा राहून आपल्या मण्यांवर काहीतरी म्हणत होता, आणि कुणालाही ते वावगं वाटलं नाही. तुला आवडलं असतं. लोक गेल्यावर आई दारात बसली. समोर चिंचेखाली गाडी. पाल्याने टप झाकून गेलेला.

आई म्हणाली, "घाट कदी उतरायचा?"

तुझ्याशिवाय त्या गाडीत बसायचं, हे मला नकोच होतं. मग मी माझं नेहमीचं सुरू केलं. गाडीला वाट मिळते, माणसाला नाही, वगैरे. आईने ऐकून घेतलं.

"तुमचं भांडान वरीसभर आयकलंय मी," ती म्हणाली. "थोरली म्हनायची न्यायचं. तू म्हनायचीस नाय न्यायचं. मला कुनी इचारलंच नाय."

ऐकलंस, ताई? डिस्क आणले, हब बदलले, हवा काढली, तात्त्विक भूमिका घेतल्या. आईला विचारायचं राहिलं. ते तुझंही राहिलं, माझंही. इथे आपण दोघी एका बाजूला आहोत, कितीतरी दिवसांनी.

मी विचारलं, "तुला जायचंय?"

"जायचंय. पन गाडी मी सांगन तितं थांबवायची. नाय सांगितलं, तर नाय थांबवायची."

परवा आम्ही गेलो. मी चालवत होते, आई शेजारी. मागे पास्कल. तो आपणहून आला, म्हणाला, "ब्रेक माझा हाय, मला बघायचा हाय." वाटभर त्याची कुरकुर चालू होती. घाट चढलो आणि उतार लागला तेव्हा मात्र तो गप्प झाला. मी त्याच्या सांगण्याप्रमाणे गिअर खालचा ठेवला, आणि प्रत्येक वळणाआधी पाय ठेवत गेले. पॅडल प्रत्येक वेळी तिथेच सापडत होतं, तेवढंच घट्ट. दरीत धुकं होतं. धुक्यातून झाडांचे शेंडे वर आलेले. मला राहून राहून वाटत होतं की तू गाडीखालीच आहेस, चाकांशी, आणि आम्ही तुझ्या हातावरून उतरतोय. वास आला नाही. घाट संपला तेव्हा पास्कलने खिडकीतून हात बाहेर काढून चाकाजवळची हवा चाचपली. "गार हाय," तो म्हणाला, आणि नाक शिंकरलं.

गाव दुपारच्या सुस्तीत होतं. वरची आळी म्हणजे लाल मातीचा अरुंद रस्ता, दोन्हीकडे चिऱ्याची जोती, कौलं, पडव्या. गाडीचा आवाज ऐकून एक कुत्रा उठला आणि पुन्हा झोपला. मी अगदी हळू चालले होते. आई समोर बघत होती. मधोमध आलो. तू ठरवलेली जागा हीच असणार. मी आईकडे पाहिलं. ती काही बोलली नाही.

आम्ही पुढे गेलो. एक घर, आणखी एक घर. आळी संपत आली, पुढे वड दिसायला लागला. मला वाटलं, तिला नाहीच थांबायचं. तिला बसून जायचं होतं, तेवढंच. तेही तिचंच म्हणणं. मी ब्रेकवरचा पाय सैल केला.

"हितं," आई म्हणाली.

मी पाय ठेवला. गाडी जराही न घसरता थांबली. शेवटच्या घराच्या अलीकडे, वडाच्या जरा आधी.

"हितं यिस्तवर मान लय भरून यायची," आई म्हणाली. "वड दिसायचा, पन हातात नसायचा."

तिने स्वतःच दार उघडलं. दाराला धरून, एक गुडघा, मग दुसरा, अशी ती उतरली आणि उभी राहिली. लाल मातीत, उन्हात, नुसती उभी. पदर सारखा केला नाही की मान खाली घातली नाही. मागून पास्कल माझ्या कानाशी कुजबुजला, "इंजिन चालू ठेव, बाय. काय सांगता येत न्हाय."

समोरच्या पडवीत एक म्हातारी सुपात वाल निवडत बसली होती. आईच्याच वयाची, किंवा थोडी मोठी. तिने कपाळावर हात धरून उन्हातल्या बाईकडे पाहिलं.

"कोन गो? कुनाची तू?"

त्या गावात या प्रश्नाचा अर्थ एकच. कुठल्या वाडीची, कुणाच्या घरची, कुठे उभी राहणार आणि कुठे नाही. माझ्या तोंडात वाक्यं तयार झाली, सगळी एकाखाली एक, छापल्यासारखी. मी काच खाली केली.

आई माझ्याआधी बोलली.

"सुजाताची आय."

म्हातारीने आठवून पाहिलं. गावातली कुठलीच सुजाता तिला सापडेना. "कोन सुजाता?"

आईने बोनेटला पाठ टेकली. गुडघ्यावरचा भार गाडीवर घेतला, आणि जरा श्वास घेतला.

"माजी थोरली," ती म्हणाली. "सांगते. पयल्यापासनं सांगते."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं.

मी हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.